छत्तीस ठोके

विश्वास ठेवू नका. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून "हिंदुराव, थापा पुरे" म्हणायचा त्रास तुम्हाला नको. पण एका बाईच्या काळजाचे छत्तीस ठोके मी नुसत्या तोंडाने कमी केलेले आहेत. गोळी नाही, इंजेक्शन नाही, अंगारा नाही. एकशे अठ्ठेचाळीसवर उधळलेलं काळीज एका शब्दात एकशे बारावर आणून उभं केलं. भल्याभल्या डॉक्टरांना हे जमलेलं नाही.

"गेल्या वेळी एकशे चाळीस होते," बाबर म्हणाला.

बाबर म्हणजे आमचा रिटायर पोस्टमन. जन्मभर दुसऱ्यांची पोस्टकार्डं वाचल्यामुळे कुणाच्याही गोष्टीतला तपशील त्याच्या डोक्यात राहतो. अशा माणसासमोर गोष्ट सांगू नये, पण वाघजाईच्या टेकडीखालचा कट्टा सार्वजनिक आहे, त्याला उठवणार कोण? त्या सकाळी आमच्या चालणाऱ्यांच्या मंडळात नव्याने आलेले दोन बँकवाले होते, त्यांचे कान अजून कोरे होते. आणि जंगम बाई सगळ्यांसाठी चहाचा थर्मास आणायला घरी गेल्या होत्या. जाऊन येऊन वीस मिनिटं. ही गोष्ट मी बाईंच्या माघारीच सांगतो.

"एकशे अठ्ठेचाळीस," मी बाबरला म्हणालो. "तुझं पत्र चुकीच्या पत्त्यावर गेलं असेल."

आणि सुरुवात केली.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या गावच्या दवाखान्यात मुंबईहून एक डॉक्टरीणबाई आल्या. डॉक्टर तन्वी राजाध्यक्ष. वय अठ्ठावीस, वजन चाळीस किलो, त्यातलं पाच किलो चष्म्याचं. आल्या आल्या त्यांनी चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांना हायस्कूलच्या ग्राउंडवर जमवलं आणि सांगितलं, "तुम्ही सकाळी करता ते चालणं नाही, ती गावकी आहे. व्यायाम म्हणजे हृदयाला काम पाहिजे. कमी दिलं तर ते आळशी होतं, जास्त दिलं तर संपावर जातं. प्रत्येकाच्या ठोक्यांचा आपापला पट्टा असतो. व्यायाम करताना ठोके त्या पट्ट्यात राहिले पाहिजेत."

"पट्टा काढायचा कसा?" कुणीतरी विचारलं.

"सोपं आहे. दोनशे वीसमधून आपलं वय वजा करायचं. ही तुमच्या हृदयाची वरची हद्द. तिचे साठ टक्के ते पंचाहत्तर टक्के, हा तुमचा पट्टा."

त्यांनी प्रत्येकासाठी पिवळी कार्डं छापून आणली होती. टेबल मांडलं आणि एकेकाला पुढे बोलवायला लागल्या.

"जन्मतारीख?"

"एक जून," बाबर म्हणाला.

"पुढचे. जन्मतारीख?"

"एक जून."

"पुढचे?"

"एक जून."

सातव्या एक जूनला डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही सगळे मिळून माझी मस्करी करताय का?"

आठवा मी होतो. म्हटलं, "मॅडम, आम्हाला शाळेत घातलं तेव्हा तारीख कुणाला ठाऊक होती? मास्तर सांगायचे, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं. शाळा जूनमध्ये उघडते म्हणून रजिस्टरात एक जून. आमच्या पिढीतला अर्धा महाराष्ट्र एक जूनचा आहे. त्या दिवशी सुइणींचे काय हाल झाले असतील बघा."

"मग तुमचं खरं वय किती?"

"कागदावर पासष्ट. आईच्या हिशेबाने बासष्ट. माझे हात जन्मतः लांब, कान तीन वर्षं आधीच सापडला."

"अहो, मग दोनशे वीसमधून मी कुठलं वजा करू?"

"तुम्हाला सोपं जाईल ते करा."

"हृदयाला सोपं-अवघड कळत नाही," मागून आवाज आला. "त्याला फक्त खरं वय पाठ असतं."

हा आवाज जंगम बाईंचा. इंदुमती जंगम, आमच्या हायस्कूलच्या रिटायर मुख्याध्यापिका, विषय गणित. त्या पुढे आल्या आणि डॉक्टरीणबाईंनी विचारायच्या आत म्हणाल्या, "नऊ ऑक्टोबर. माझी तारीख खरी आहे, माझे वडील मास्तर होते. दुसऱ्यांच्या पोरांना एक जून वाटणारेही तेच. वय त्रेसष्ट. दोनशे वीसमधून गेले त्रेसष्ट, उरले एकशे सत्तावन्न. साठ टक्के चौऱ्याण्णव. पंचाहत्तर टक्के एकशे सतरा पूर्णांक पंचाहत्तर शतांश. एकशे सतराच लिहा, पाऊण ठोका पडत नसतो."

डॉक्टरीणबाईंनी मुकाट्याने एकशे सतरा लिहिलं. आमच्या गावात त्यांना गप्प करणारं पहिलं माणूस तेच.

त्यानंतर नाडी कशी बघायची, बोटं कुठे ठेवायची, हे डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना रांगेत उभं करून दाखवलं. मी तेवढ्यात सगळ्यांसाठी चहा सांगायला गेलो होतो. तीस वर्षं एष्टीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला दुसऱ्याचा हात कसा धरायचा हे काय शिकवायचं? विनातिकीट उतरू पाहणारी निम्मी माणसं मी मनगटालाच धरलेली आहेत.

आता बाईंचं आणि माझं काय होतं ते सांगतो. छत्तीसचा आकडा. मुख्याध्यापिका व्हायच्या आधी अकरा वर्षं त्या शेजारच्या गावच्या शाळेत माझ्या सात-दहाच्या गाडीने जायच्या. आपल्याकडे एष्टीच्या कंडक्टरला प्रेमाने मास्तर म्हणतात. "मास्तर, एक पूर्ण एक अर्धं," "मास्तर, गाडी थांबवा, म्हातारी राहिली." तर पहिल्याच दिवशी बाई पुढच्या बाकावरून मोठ्याने म्हणाल्या, "मास्तर शाळेत असतात. हे कंडक्टर." अख्खी गाडी हसली. त्या दिवसापासून मला सगळा तालुका मास्तर म्हणायचा आणि बाई कंडक्टर म्हणायच्या.

वर बाई कायम दोन मिनिटं उशिरा. आणि माझं नशीब बघा, नेमक्या त्यांच्या थांब्यावर माझ्या तिकिटाच्या पंचमध्ये कागदाचा तुकडा अडकायचा. रोज. आता पंच साफ झाल्याशिवाय डबल बेल मारता येत नाही, तसा नियमच आहे.

"असा नियम नाही," बाबर म्हणाला.

"एष्टीत मी होतो का तू?"

"रोज त्याच थांब्यावर अडकायचा?"

"यंत्र आहे. यंत्राला काय सांगणार?"

बँकवाले हसले. बाबर हसला नाही. मी पुढे गेलो.

तर डॉक्टरीणबाई आल्या त्या साली शिमग्याच्या सुमाराला बाई बाजारात भाजी घेता घेता चक्कर येऊन मटकन बसल्या. पुण्याहून त्यांचा मुलगा श्रीशैल आला, घेऊन गेला, सगळ्या तपासण्या केल्या. हृदयात थोडं काही निघालं, गोळी सुरू झाली. बाई परत आल्या त्या पाठोपाठ श्रीशैलही आला, टेम्पो ठरवूनच. आईने आता एकटं राहायचं नाही. पुण्याला चलायचं, अकराव्या मजल्यावर.

"अकराव्या मजल्यावरून माणसं ओळखू येत नाहीत," बाई म्हणाल्या. "नुसते भांग दिसतात."

"आई, इथे तुला काही झालं तर कळणार कुणाला?"

ह्या प्रश्नाला गणितात उत्तर नव्हतं. बाईंचे यजमान जाऊन वीस वर्षं झालेली, शेजारचं घर कुलूपबंद. माझीही मंडळी जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती, म्हणून सांगतो, तो प्रश्न घरात एकट्या राहणाऱ्या माणसाला रोज सकाळी पडतो, दार उघडायच्या आधी.

बाईंच्या दारातली जास्वंदीची कुंडी शुक्रवारी समोरच्या पाटलांकडे गेली. दुपारी परत आली. शनिवारी पुन्हा गेली.

मध्ये पडल्या त्या डॉक्टरीणबाई. श्रीशैलला म्हणाल्या, "रिपोर्ट मी बघितलेत, घाबरण्यासारखं काही नाही. रविवारी सकाळी आमचं मंडळ वाघजाईची टेकडी चढणार आहे, तीनशे बारा पायऱ्या. आईंना हळूहळू चढू द्या. वर पोहोचल्याबरोबर ठोके मोजू. एकशे सतराच्या आत असले तर इथे राहायला हरकत नाही असं मी लिहून देते, दर महिन्याला तपासतेही. एकशे सतराच्या वर गेले तर मी तुमच्या बाजूने. मग मीच त्यांना टेम्पोत बसवेन."

श्रीशैल कबूल झाला. पोरगं वाईट नव्हतं. घाबरलेलं होतं.

रविवारी सकाळी साडेसहाला पायथ्याशी आम्ही तीस माणसं. तिकडे बाईंच्या दारात टेम्पो उभा, कपाट चढवून दोरी बांधलेली. मंडळाचा शिरस्ता असा की चढायचं जोडीने, आणि वर गेल्यावर जोडीदाराने जोडीदाराचे ठोके मोजायचे. बाईंची नेहमीची जोडीदार सुशीलावहिनी नेमकी लेकीच्या बाळंतपणाला गेलेली.

"बाईंबरोबर कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

कुणी हलेना. अर्ध्या मंडळाने बाईंच्या हातून छड्या खाल्लेल्या. ज्या हाताने मार खाल्ला तो हात आपण होऊन धरणार कोण? तलाठी पन्नाशीचा गडी, तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला तो वर येईना. बाबरला विचारलं, तर म्हणाला, "माझा पोरगा दहावीला दोनदा गणितात बसलाय, आमचं बोलणं नाही."

"मी शाळेत पलीकडच्या तालुक्यात होतो," मी म्हणालो. "मला कुणी मारलेलं नाही."

"तिथेच चुकलं," बाई म्हणाल्या, आणि चढायला लागल्या.

डॉक्टरीणबाईंनी एक नियम घालून दिला होता. चढताना बोलता आलं पाहिजे आणि गाता येता कामा नये. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला, गाता येत असेल तर कमी पडला. म्हणजे जोडीदाराचं काम काय, तर दुसऱ्याला बोलतं ठेवायचं. आता ह्या कामासाठी तालुक्यात माझ्याइतका लायक माणूस तुम्हीच दाखवा.

मागे चार पायऱ्यांवर श्रीशैल, हातात मोबाइल. मी सुरुवात केली. "बाई, तुम्हाला कुंभार्ली घाटातला बिबट्या सांगितलाय का?"

"नाही. पण सांगणार असं दिसतंय."

"पहाटेची गाडी. धुकं असं की ड्रायव्हरला स्टेअरिंग दिसेना. एका वळणावर गाडी थांबली आणि दारातून बिबट्या वर आला. सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसला. पॅसेंजर सगळे ड्रायव्हरच्या मांडीवर."

"आणि तुम्ही?"

"ड्युटी होती. गेलो, अर्धं तिकीट फाडून त्याच्या पुढ्यात ठेवलं."

"अर्धं का?"

"बारा वर्षांच्या आतला वाटला."

बाई चार पायऱ्या चढल्या, मग म्हणाल्या, "बिबट्या बारा वर्षांचा म्हणजे म्हातारा झाला, कंडक्टर. पूर्ण वाढलेल्या जनावराला तुम्ही मुलाचं तिकीट दिलंत. ह्याची चौकशी व्हायला हवी होती."

"मुद्दा तो नाही. मुद्दा हा की त्या वेळी माझे ठोके साठ होते. घड्याळासारखे. माझं काळीज एष्टीचं आहे बाई, चढाला तापत नाही."

"एष्टी चढालाच तापते. घाटात गाडी उभी करून बाटलीने पाणी ओतताना मी तुम्हालाच पाहिलंय."

मागे श्रीशैलला हसू आलं. त्याने ते खोकल्यात घातलं.

दोनशेव्या पायरीच्या आसपास बाई थांबल्या. कठड्याला हात लावून खाली बघायला लागल्या. तिथून सगळं गाव दिसतं. हायस्कूलचं कौलारू छप्पर, तळं, बाजार, बाईंचं घर आणि दारात काडेपेटीएवढा टेम्पो. त्यांचा श्वास काही फुललेला दिसत नव्हता. मला मात्र घाम आला होता. ऊन होतं.

"साडेसहाला कसलं ऊन?" बाबर म्हणाला.

"पावणेसात झाले होते."

बाईंनी मागे वळून श्रीशैल किती लांब आहे ते पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कंडक्टर, थापा सोडून एक सांगा. होईल का हे?"

"वरच्या थांब्याचं तिकीट फाडलंय बाई. मध्ये उतरता येत नाही."

"आणि खाली गेल्यावर?"

तीस वर्षं माझं तोंड कधी अडकलं नव्हतं. तिथे अडकलं. पंचमध्ये तुकडा अडकावा तसं.

"चला," बाईच म्हणाल्या. "उशीर केला तर ठोके उतरतील, मग म्हणतील कॉपी केली."

शेवटच्या शंभर पायऱ्या आम्ही अडतीसाच्या पाढ्यावर चढलो. बाई म्हणायच्या, मी मागून. मी चुकलो की बाई तीच ओळ पुन्हा म्हणायला लावायच्या. आणि तीनशे बाराव्या पायरीवर, देवळासमोर, सगळे गोल करून उभे. डॉक्टरीणबाई आधीच पोहोचलेल्या. त्यांनी बाईंना उभं केलं, डावा हात आपण धरला. धीर द्यायला असेल, असं मला वाटलं. उजवा हात मला दिला.

"पंधरा सेकंद मोजायचे, त्याची चौपट करायची. श्रीशैल, वेळ लावा."

श्रीशैलने मोबाइल समोर धरला. मी बाईंचं मनगट धरलं. तीस वर्षं पंच दाबून दगडासारखा झालेला अंगठा नाडीवर असा रोवला की ठोक्याची पळून जायची हिंमत होऊ नये.

"सुरू," श्रीशैल म्हणाला.

बाईंचा हात गार होता. बोटांवर खडूने पडलेल्या भेगा अजून तशाच होत्या. एवढंच मला आठवतं, कारण नंतर जे सुरू झालं ते ढोलताशाच्या वरचं होतं. धाडधाड, धाडधाड. दहा सेकंदांतच माझी पंचविशी पार. मी मनात म्हणत होतो, हळू, अगं बाई हळू, कुठली गाडी चुकतेय? कुठलं काय.

"थांबा."

सदतीस. चौपट केली. एकशे अठ्ठेचाळीस.

एकशे सतराच्या वर किती गेले ते तुम्ही करा, मला तेव्हा करवलं नाही. श्रीशैल माझ्याकडे बघत होता. बाईंचे सगळे जुने विद्यार्थी माझ्याकडे बघत होते. आणि बाई बघत होत्या. जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांचे निकाल वाचले, त्या बाई निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तशा उभ्या होत्या. खाली काडेपेटीएवढा टेम्पो.

"अठ्ठावीस," मी म्हणालो. "अठ्ठावीस चोक बारोदरसे. एकशे बारा."

डॉक्टरीणबाईंनी बाईंचा डावा हात सोडला. माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी पिवळ्या कार्डावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. पट्ट्यात आहेत."

"नक्की?" श्रीशैलने विचारलं.

"नक्की. माझी सही आहे खाली."

फसल्या बिचाऱ्या. श्रीशैलने टेम्पोवाल्याला फोन लावला. "कपाट उतरवा," म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर डोळ्यांत गेलेलं चिलट बराच वेळ काढत बसला. तलाठी टाळ्या वाजवायला लागला, मग सगळेच वाजवायला लागले. बाई फक्त एवढंच म्हणाल्या, "अडतीस साते किती, कंडक्टर? मघाशी चुकला होतात."

इथपर्यंत सगळं हसण्यासारखं आहे. पण पायऱ्या उतरता उतरता मी काय करून बसलो ते ध्यानात आलं. बिबट्यावर थाप मारणं निराळं, त्यात बिबट्याचं काही जात नाही. ही मी दुसऱ्याच्या काळजावर मारली होती. एकशे अठ्ठेचाळीसवर पळणारं काळीज घेऊन एक बाई एकट्या घरात राहणार, आणि हे जगात एकट्या मला माहीत.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या गल्लीतून गेलो. गुडघ्यासाठी चालायला सांगितलं होतं, त्यामुळे तसंही जायचंच होतं. बाईंच्या दाराला दुधाची पिशवी अडकवलेली असते. ती उचललेली असली म्हणजे बाई उठल्या. उचललेली नव्हती. मी गल्लीत दोन चकरा मारल्या. पिशवी तशीच. शेवटी कडी वाजवली.

बाईंनी दार उघडलं. ठणठणीत. "काय हवंय, कंडक्टर?"

"काही नाही. पिशवी बाहेर राहिली होती. म्हटलं, मांजर बिंजर."

"आलाच आहात तर चहा घ्या."

तेव्हापासून हे असं आहे. एकशे अठ्ठेचाळीसची धास्ती काही जाईना. रोज सकाळी गल्लीतून जायचं, पिशवी बघायची, दहा दिवसांतून आठ दिवस ती लटकलेली. बाईंना पहिल्यापासून उशिराचीच सवय, गाडीलासुद्धा यायच्या ना. कडी वाजवायची, चहा घ्यायचा, एक पाढा म्हणून दाखवायचा आणि मग दोघांनी मिळून टेकडीला यायचं. अकरा वर्षं. डॉक्टरीणबाई वर्षभरात बदलून गेल्या. ते पिवळं कार्ड मात्र बाईंच्या स्वयंपाकघरात अजून खिळ्याला आहे.

तर सांगायचा मुद्दा काय, मी बँकवाल्यांना म्हणालो, काळजालाही कुणीतरी दम देऊन सांगावं लागतं, तुझे एकशे बारा आहेत म्हणून. ऐकतं ते. बाईंच्या काळजाने ऐकलं. आज त्या चौऱ्याहत्तरच्या आहेत आणि तुमच्यापेक्षा आधी वर पोहोचतात.

"पण हळू चढून बाईंचे ठोके एवढे वाढले कशाने?" त्यातल्या एकाने विचारलं.

हाच प्रश्न यायला हवा होता. मी मिशीवरून हात फिरवला. "आता फुशारकी समजू नका. पण बाईमाणूस आहे, आणि शेजारी असा उंचापुरा गडी हात धरून उभा. उधळणारच की. त्यांचा तरी काय दोष?"

"आणि तुमचे किती होते?"

"माझे? साठ. घड्याळासारखे."

मागे दगडावर थर्मास ठेवल्याचा आवाज झाला.

"हात कसा धरला होतात, ते दाखवा ना त्यांना," जंगम बाई म्हणाल्या.

मी वळून पाहिलं नाही. बँकवाल्याचं मनगट घेतलं आणि धरून दाखवलं. बाबर पुढे वाकला, चष्मा वर करून त्याने नीट पाहिलं.

"अंगठा?" तो म्हणाला.

"अंगठा," बाई म्हणाल्या. "डॉक्टर दोन बोटं कशी ठेवायची ते दाखवत होत्या तेव्हा हे चहा सांगायला गेले होते. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. अंगठ्याने मोजलं की दुसऱ्याचे ठोके हाताला लागत नाहीत, आपलेच लागतात. माझे डॉक्टरांनी डाव्या हाताला मोजले होते. एकशे आठ. कार्डावर तेच लिहिलंय, कधी वाचलं नाहीत. तुम्ही माझे चार वाढवूनच सांगितलेत."

बाबरला हिशेब लागायला तीन सेकंद लागले. "म्हणजे ते एकशे अठ्ठेचाळीस..."

"एक जूनचं वय धरा नाहीतर आईच्या हिशेबाचं. दोन्हीकडे पट्ट्याबाहेर."

"बिबट्यासमोर साठ!" बाबर मांडीवर थाप मारून ओरडला. "आणि बाईंसमोर एकशे अठ्ठेचाळीस! अरे अंगठाबहाद्दरा!"

मी बँकवाल्याचा हात सोडला. बाई कपात चहा ओतत होत्या, एक थेंब बाहेर सांडत नव्हता.

"अकरा वर्षं माहीत होतं तुम्हाला?" मी म्हणालो. "मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर पिशवी बघायला कोण आलं असतं?" बाईंनी पहिला कप माझ्यापुढे धरला. "तुम्ही गल्लीत दिसेपर्यंत उचलायचीच नाही म्हणून बसून राहायचे. उन्हाळ्यात दोनदा दूध नासलं, मास्तर."